सहा शाखांच्या हॉटेलचं सॉफ्टवेअर: नेट गेलं तरी गल्ला थांबता कामा नये

रानवारा

नमस्कार मंडळी,

मामांच्या हॉटेलांसाठी मी तीन वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. पुण्यात तीन शाखा, साताऱ्यात एक, कोल्हापुरात एक आणि गेल्या दिवाळीपासून पणजीत एक. ग्रेव्ह्या, मसाले, चटण्या आणि पाकिटातली बाकरवडी पुण्याजवळ नऱ्ह्याच्या सेंट्रल किचनमध्ये तयार होते आणि पहाटे टेम्पोनं शाखांना निघते. लवकरच सातवी शाखा उघडायची आहे. त्याआधी माझे निर्णय जाणकारांनी तपासावेत म्हणून हा धागा.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. आधी आम्ही एक तयार सॉफ्टवेअर भाड्यानं घेतलं होतं. सगळा कारभार इंटरनेटवर. एका रविवारी दुपारी पावणेदोनला, कोथरूडला बाहेर वीस-पंचवीस माणसं टेबलाची वाट बघत असताना, रस्ता खोदताना कुणीतरी केबल तोडली. पडदा गोठला. कुठल्या टेबलावर काय गेलंय ते काउंटरला दिसेना, बिल निघेना, भटारखान्यात केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) जाईना. वेटरांनी मिळेल त्या कागदावर ऑर्डरी लिहिल्या. चाळीस मिनिटांनी नेट आलं, पण रात्री अकरा टेबलांचा हिशोब जुळेना. मामा कुणालाही काही बोलले नाहीत. रात्री एकपर्यंत ते चिटोरे टेबलावर मांडून, क्रमानं लावत बसले होते. ते दृश्य बघून मी नोकरी सोडायचं ठरवलं.

तेव्हापासून माझा नियम एकच: शाखा एकटी जगू शकली पाहिजे. बाहेरचं जग बंद पडलं तरी ऑर्डर घेणं, केओटी छापणं, बिल करणं आणि रात्री गल्ला मिटवणं ही चार कामं चालू राहायला हवीत. बाकी सगळं, म्हणजे मालकाचे अहवाल, शाखांची तुलना, खरेदीचा अंदाज, थोडं उशिरा झालं तरी चालतं.

म्हणून प्रत्येक शाखेत एक छोटा कॉम्प्युटर आहे, यूपीएसवर. त्या शाखेचा सगळा व्यवहार आधी त्याच्यावर लिहिला जातो. काउंटर, कप्तानांचे (टेबलावर ऑर्डर घेणाऱ्यांचे) टॅब आणि प्रिंटर शाखेतल्याच नेटवर्कवर त्याच्याशी बोलतात. नेट असेल तेव्हा तो एकेक नोंद मुख्य सर्व्हरकडे पाठवतो, पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवतो. मुख्य सर्व्हर शाखेची नोंद बदलू शकत नाही, फक्त जमा करतो. मेन्यू आणि भाव तेवढे वरून खाली येतात.

दुसरी गोष्ट, आमच्याकडे काहीही पुसलं जात नाही. पदार्थ रद्द झाला तर रद्द झाल्याची वेगळी नोंद होते: कुणी केला, किती वाजता, का. बिल छापल्यावर बदललं तर जुनं बिल तसंच राहतं. सुरुवातीला मॅनेजर लोकांना हे जाचक वाटलं. पण हडपसरच्या एका मुलावर पैसे खाल्ल्याचा संशय आला होता तेव्हा याच नोंदींनी त्याला वाचवलं. रद्द केलेली बिलं दुसऱ्याच पाळीतली निघाली.

तिसरी गोष्ट पैशाची. सगळी रक्कम पूर्णांक पैशांत ठेवतो, दशांश अपूर्णांकात कधीच नाही.

आता तुम्ही सांगा. कुठे चुकतोय? काय सुटलंय?

गल्ल्यावरची

रानवारा दादा, मी चौदा वर्षं नाशिकला एका हॉटेलात गल्ल्यावर बसते. सॉफ्टवेअर करणारा माणूस गल्ल्याचा विचार करतोय हे वाचून बरं वाटलं. तीन गोष्टी विचारते, तिन्ही मी भोगलेल्या आहेत.

एक, दुहेरी केओटी. आमच्याकडे कप्तानाच्या टॅबवर ऑर्डर पाठवली की कधी कधी 'पाठवता आली नाही' असं यायचं. तो पुन्हा बोट दाबायचा. प्रत्यक्षात पहिली पोचलेली असायची. भटारखान्यात दोन केओट्या, दोन पनीर टिक्के, आणि एक परत. तेल-तूप-गॅस गेला तो गेलाच, वर वस्तादाचा, म्हणजे मुख्य आचाऱ्याचा, कप्तानावर राग.

दोन, रात्री बारानंतरची बिलं. शनिवारी शेवटचं टेबल दीड वाजता उठतं. ते बिल शनिवारच्या गल्ल्यात यायला हवं. आमच्या आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते रविवारात जायचं आणि दोन्ही दिवसांचे गल्ले चुकायचे.

तीन, घड्याळ. एकदा कॉम्प्युटरमधला तो गोल सेल संपला. सकाळी चालू केल्यावर तारीख कितीतरी वर्षं मागे गेली होती. कुणाच्या लक्षात येईपर्यंत साठेक बिलं जुन्या तारखेनं फाटली.

सर्व्हरमित्र

मी या विचाराशी सहमत नाही, आणि का ते नीट सांगतो. प्रत्येक शाखेत मशीन ठेवायचं म्हणजे सात मशीनं सांभाळायची. भटारखान्याच्या भिंतीपलीकडे ठेवलेल्या डब्यात वर्षभरात तेलकट धूळ किती बसते ते बघितलंय मी. डिस्क जाते, पंखा अडकतो, सफाईवाला प्लग काढून मिक्सर लावतो. मुख्य सर्व्हर चांगल्या डेटासेंटरमध्ये असतो, त्याची काळजी घेणारी माणसं चोवीस तास असतात. आज दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नेट-जोडणी आणि वर मोबाइलचं सिम घेतलं तर नेट जाण्याची भीती फार कमी होते. तो खर्च सात मशीनं सांभाळण्यापेक्षा स्वस्त पडेल.

शिवाय शाखेत माहिती असली की ती चोरीला जाण्याची वाटही शाखेतच असते.

रानवारा

गल्ल्यावरची ताई, तुमचे तिन्ही प्रश्न अगदी नेमक्या दुखऱ्या जागेवर आहेत.

दुहेरी केओटीचा अनुभव आम्हीही घेतलाय. आता कप्तानानं पहिला पदार्थ निवडला की टॅबच त्या ऑर्डरला एक कायमचा ओळखक्रमांक देतो. ती ऑर्डर कितीही वेळा पाठवली तरी क्रमांक तोच. शाखेच्या मशीननं तो आधी पाहिला असेल तर नवी केओटी न छापता जुनीचीच पोच देतं. प्रिंटरच्या बाबतीत मात्र पूर्ण खात्री देता येत नाही. कागद मध्येच संपला तर छापलं की नाही हे प्रिंटर नेहमी खरं सांगत नाही. म्हणून पुन्हा छापलेल्या केओटीवर ठळक अक्षरांत 'पुनर्मुद्रण' येतं आणि मूळ क्रमांकही. बाकी वस्ताद बघून घेतो.

व्यवसायाचा दिवस आम्ही तारखेपासून वेगळा ठेवलाय. मॅनेजर 'दिवस बंद' करेपर्यंत तोच दिवस चालतो. बिलावर मात्र खरी तारीख-वेळ छापली जाते. घड्याळासाठी दोन उपाय: नोंदींचा क्रम घड्याळावर ठरतच नाही, वाढत्या क्रमांकावर ठरतो; आणि मशीनची वेळ शेवटच्या नोंदीच्या मागे गेली तर बिलिंग उघडण्याआधी मॅनेजरला तारीख तपासायला लावतं. तो सीआर २०३२ सेल आम्ही दर दोन वर्षांनी न विचारता बदलतो.

सर्व्हरमित्र, धूळ आणि मिक्सर दोन्ही खरं आहे. आमच्या चिंचवडच्या मशीनची डिस्क भर नवरात्रात गेली. पण ती गेली तेव्हा एकच शाखा अडली, आणि अर्ध्या तासात मार्ग निघाला, कारण दुसऱ्या काउंटरवर प्रत्येक नोंदीची प्रत जात असते. त्या काउंटरलाच मुख्य मशीन केलं. मुख्य सर्व्हर पडला असता तर सहाच्या सहा एकाच वेळी अडल्या असत्या, तेही रविवारी दुपारी दोन वाजता, कारण सगळ्यात जास्त भार तेव्हाच असतो.

दोन जोडण्या आम्हीही घेतल्या होत्या. दोन कंपन्या, पण केबल दोघांचीही एकाच खांबावरून आलेली. मोबाइल सिमचं म्हणाल तर साताऱ्याच्या हॉटेलात तळघरात बसायची जागा आहे, तिथे रेंजच नाही.

चोरीचा मुद्दा मान्य. डिस्क कूटबद्ध (एनक्रिप्टेड) ठेवतो आणि शाखेत फक्त चालू वर्षाचीच माहिती असते.

तंत्रज्ञांसाठी एक तपशील: शाखेत एसक्यूलाइट (एका फाइलीत राहणारा छोटा डेटाबेस) आहे, वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत), सिंक्रोनस फुलवर, म्हणजे प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्यावरच पुढे. नॉर्मलवर वेग जास्त मिळतो आणि फाइल बिघडत नाही, पण वीज गेली तर शेवटच्या काही नोंदी गायब होऊ शकतात. त्या नोंदी म्हणजे कुणाचं तरी बिल असतं. आणि ती फाइल शेअर फोल्डरमध्ये ठेवून चार काउंटरांनी थेट उघडायची नाही. वॉल मोड नेटवर्कवरच्या फाइलींसाठी नाहीच. एकच प्रोग्राम फाइल उघडतो, बाकीचे त्याला विचारतात.

खतावणी

मी सीए आहे, माझ्याकडे हॉटेलवाले बरेच आहेत. तुमचा आराखडा वाचला. कायद्याच्या बाजूनं काही गोष्टी लिहिते, कारण यातल्या चुका सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या हातून होतात आणि मार्च महिन्यात आमच्या टेबलावर येतात.

बिल क्रमांक. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि १६ चिन्हांपेक्षा लांब नको. पण एकाहून जास्त मालिका चालतात. याचा तुम्ही फायदा घ्या. नेट नसताना दोन काउंटरांनी एकच क्रमांक देऊ नये म्हणून प्रत्येक काउंटरला स्वतःची मालिका द्या. शाखेची दोन अक्षरं, काउंटरचा एक अंक, तिरकी रेघ, वर्षाचे चार अंक, तिरकी रेघ आणि सहा आकडी क्रमांक: १५ चिन्हांत बसतं. नव्या तंत्रज्ञांना लांबलचक यादृच्छिक क्रमांक आवडतात, ते आत वापरा, बिलावर नको.

कराचा दर बिलाच्या ओळीत साठवा, पदार्थाच्या मास्टरमधून (मूळ यादीतून) दर वेळी वाचू नका. १५ नोव्हेंबर २०१७ ला रेस्टॉरंटचा दर १८ आणि १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) बंद करून. तेव्हा माझ्या एका अशिलाच्या सॉफ्टवेअरनं मास्टरमधला दर बदलताच मागच्या सगळ्या बिलांचा कर ५ टक्के दाखवायला सुरुवात केली. विवरणपत्र भरताना आमच्या किती रात्री गेल्या ते आठवतं.

घरपोच ऑर्डर देणाऱ्या ॲपवरची विक्री वेगळी ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून त्या विक्रीवरचा रेस्टॉरंट सेवेचा जीएसटी ॲपवाली कंपनीच भरते. तुमच्या विवरणात ती विक्री दाखवायची, पण कर तुम्ही भरायचा नाही. यात तुमची बाकरवडी अडचण करणार. पाकीटबंद माल त्याच ॲपवरून विकलात तर ती रेस्टॉरंट सेवा नाही, वस्तूची विक्री आहे, तिचा कर तुमच्याच डोक्यावर. म्हणजे एकाच ऑर्डरमधली मिसळ एका बाजूला आणि बाकरवडी दुसऱ्या बाजूला. हा फरक पदार्थाच्या पातळीवरच ठेवावा लागेल.

पैशांचा पूर्णांक केलात ते उत्तम. पण पूर्णांक कुठे करता तेही ठरवा. ३५ रुपयांच्या तीन वेगळ्या ओळी असल्या तर प्रत्येकीवर सीजीएसटी (५ टक्क्यांतला केंद्राचा निम्मा वाटा) अडीच टक्के म्हणजे साडेसत्त्याऐंशी पैसे. ओळीगणिक ८८ केलेत तर सीजीएसटी २.६४ होतो. एकूण १०५ वर एकदाच काढलात तर २.६३. एक पैसा. पण सहा शाखा आणि वर्षभराची बिलं यांत तो पैसा जुळवताना माणूस रडकुंडीला येतो. एकच पद्धत ठरवा आणि सगळीकडे तीच ठेवा.

आणि पणजी. गोवा वेगळं राज्य, म्हणून वेगळा जीएसटी क्रमांक. नऱ्ह्याहून कोल्हापूरला ग्रेव्ही गेली तर डिलिव्हरी चलन पुरतं. पणजीला गेली तर कायद्याच्या नजरेत ती दोन वेगळ्या व्यक्तींमधली विक्री आहे: कर बीजक, आयजीएसटीसह (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी). पणजीची शाखा ५ टक्क्यांत असल्यानं तिला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो कर पणजीच्या पदार्थाच्या खर्चातच धरावा लागतो. मामांना तिथला फूड कॉस्ट जास्त का दिसतो याचं अर्धं उत्तर इथे सापडेल.

बिलावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ आकडी क्रमांकही छापत असालच. १ जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे आणि प्रत्येक शाखेचा वेगळा असतो. एका गावचं बिल दुसऱ्या गावच्या क्रमांकानं छापलेलं मी पाहिलंय.

रानवारा

खतावणी ताई, हा प्रतिसाद मी छापून ठेवला. बाकरवडीचं आमच्याकडे चुकतंय. आज रात्रीच दुरुस्त करायला घेतो, आणि मागच्या महिन्यांचं काय करायचं ते आमच्या सीएंशी बोलतो.

वाफाळता

मी स्वयंपाकाच्या बाजूचा माणूस. बावीस वर्षं भटारखान्यात, आता एका हॉटेलसमूहाचं सेंट्रल किचन बघतो. इथे सगळे बिलाबद्दल बोलताहेत, पण पैसा गळतो तो मागच्या दारानं.

रेसिपी लिहून स्टॉक आपोआप वजा करायचा, ही कल्पना छान आहे. पण कॉम्प्युटरला कोथिंबिरीची जुडी समजत नाही. जुलैत जुडी पाण्यानं जड असते आणि निवडल्यावर निम्मी उरते. मे महिन्यात छोटी, पण सगळी कामाला येते. खरेदी जुडीत, रेसिपी ग्रॅममध्ये, आणि मधला हिशोब कुणीतरी एकदा लिहून ठेवलेला. कांद्याचं तसंच. जुना कांदा आणि ओला नवा कांदा परतल्यावर सारखा उरत नाही. आमच्याकडे दर सोमवारी एक मुलगा प्रत्येक भाजीचा एक किलो निवडून, सोलून, पुन्हा वजन करतो आणि तो आकडा त्या आठवड्यासाठी टाकतो. अर्धा तास लागतो. हे सुरू केल्यापासून कागदावरचा स्टॉक आणि फ्रीजमधला स्टॉक जवळ आले.

थाळीचं काय करता? अनलिमिटेड थाळीत रेसिपीप्रमाणे वजाबाकी चालतच नाही. आम्ही थाळ्यांची संख्या आणि पातेल्यातली शिल्लक, दोन्ही वजन करून लिहितो.

आणखी एक, केओटीची भाषा. माझ्याकडे तंदूरला उत्तराखंडची मुलं आहेत, चायनीजला नेपाळची, भाकरीला सोलापूरकडच्या बायका. इंग्रजी केओटी आली की बायका शेजारच्याला विचारतात, आणि 'बिना लसूण' ही सूचना तिथेच हरवते. जैन गिऱ्हाइकाच्या ताटात लसूण गेला तर तो माणूस पुन्हा येत नाही, आणि त्यानं येऊ नये हेच बरोबर आहे.

रानवारा

वाफाळता दादा, सोमवारचं वजन उद्यापासून सुरू करतो. आमचे आकडे दोन वर्षांपूर्वी एकदाच टाकलेले आहेत. कोल्हापूरचा स्टॉक का जुळत नाही म्हणून मी महिनाभर प्रोग्राम तपासत होतो.

केओटी आम्ही देवनागरीत देतो. त्यासाठी बराच घाम गाळला. बहुतेक थर्मल प्रिंटरांत देवनागरी अक्षरं नसतातच, मजकूर म्हणून पाठवला की प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून आख्खी केओटी चित्र म्हणून तयार करतो, ८० मिलिमीटर कागदासाठी ५७६ ठिपके रुंद, आणि ते चित्र पाठवतो. जोडाक्षरं नीट येतात. छपाई किंचित हळू होते. 'लसूण नको', 'शेंगदाणा नको' अशा सूचना काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत येतात, त्या चुकत नाहीत.

अनलिमिटेड थाळी आमच्याकडे फक्त कोल्हापुरात आहे. तिथे तुमची पातेल्याच्या वजनाची रीत घेतो.

सेंट्रल किचनवरून आठवलं, टेम्पोतल्या मालानं मला फार छळलंय. नऱ्ह्यात वजा झाला, शाखेत जमा व्हायचाय, मधल्या वेळेत तो कुठेच नसतो. साताऱ्याला ४० किलो ग्रेव्ही निघाली आणि ३८ पोचली, तर दोन किलो कुणाच्या खात्यात? आधी आम्ही पाठवलं की लगेच शाखेत जमा धरायचो. मग शाखेचा मॅनेजर कायम तुटीत. आता 'वाटेवर' ही स्वतंत्र जागा केली आहे. नऱ्ह्यातून माल वाटेवर जातो, शाखा वजन करून घेते तेवढाच शाखेत येतो, फरक वाटेवरच उरतो आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या माणसांना बोलावून मिटवावा लागतो. साताऱ्याचा फरक रोज दीड-दोन किलोंचा का, तर डब्याचं वजन धरलेलं. तीन महिने त्या मॅनेजरनं उगाच बोलणी खाल्ली. मी त्यांची माफी मागितली.

शाखांची मागणी मात्र अजून नीट बसलेली नाही. रात्री अकरापर्यंत प्रत्येक शाखेनं उद्याची मागणी टाकायची. पणजीचं नेट गेलं तर त्यांची मागणी येत नाही आणि पहाटे चारला नऱ्ह्याची माणसं फोन करत बसतात.

लंडनकर

रानवारा, तुमच्या शेवटच्या अडचणीवर सत्तर वर्षांपूर्वी एक उत्तर निघालेलं आहे, आणि तेही हॉटेलवाल्यांनीच काढलेलं.

इथे लंडनमध्ये जे. लायन्स अँड कंपनी नावाची मोठी कंपनी होती. शहरभर चहाची दुकानं, आणि माल पश्चिम लंडनच्या कॅडबी हॉलमधून जायचा, म्हणजे तुमचं नऱ्हं. केंब्रिज विद्यापीठाच्या एडसॅक यंत्रावरून त्यांनी स्वतःचा कॉम्प्युटर बांधला, नाव लिओ. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचं मूल्य काढण्याचं काम सुरू झालं. धंद्याचं रोजचं काम करणारा तो पहिला कॉम्प्युटर मानला जातो.

१९५४ मध्ये दुकानांच्या मागणीचं काम लिओवर आलं. प्रत्येक दुकानाची वारानुसार ठरलेली मागणी यंत्राकडे आधीच होती. दुकानाच्या व्यवस्थापिकेनं दुपारी फोनवर फक्त बदल सांगायचे: आज इतके बन जास्त, इतके केक कमी. बाकी जैसे थे.

तुम्ही हेच करा. सोमवारची, मंगळवारची, एकादशीची ठरलेली मागणी आधीच ठेवा. मॅनेजरनं फक्त फरक पाठवायचा. निरोप आला नाही तर ठरलेला माल निघेल. थोडा कमी-जास्त होईल, पण पणजीची शाखा सकाळी रिकामी उघडणार नाही.

रानवारा

हे वाचून मी दोनदा उठून येरझाऱ्या घातल्या. किती साधं आहे! मी निरोप पोचवण्याच्या मागे लागलो होतो, तीन-तीन वाटांनी पाठवायचा विचार करत होतो. निरोप न आला तरी काम चालेल अशी रचना करता येते हे सुचलंच नाही. एकादशी आणि चतुर्थीचं पंचांगावरून आधीच भरून ठेवता येईल. लंडनकर, मनापासून आभार.

केळीचं पान

सगळे प्रतिसाद वाचले. माझा प्रश्न नव्या आवृत्तीबद्दल. १५ मार्च २०२४ ला मॅकडोनल्ड्सची यंत्रणा जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा अनेक देशांत एकदम बंद पडली होती. बाहेरच्या एका पुरवठादारानं यंत्रणेच्या सेटिंगमध्ये केलेल्या बदलामुळे तसं झालं, असं कंपनीनं सांगितलं. म्हणजे यंत्रं सुस्थितीत, नेट चालू, आणि आपणच केलेला बदल घात करतो. तुम्ही सहा शाखांत बदल कसा पाठवता?

रानवारा

मंगळवारी सकाळी साडेदहाला, आधी फक्त हडपसरला, कारण मी तिथून दहा मिनिटांवर राहतो. एक पूर्ण शनिवार-रविवार तिथे नीट गेला तरच पुढच्या मंगळवारी बाकीच्यांना. जुनी आवृत्ती मशीनवर शेजारीच असते, मॅनेजर एका बटणानं परत जाऊ शकतो. त्यासाठी माहितीच्या रचनेत असाच बदल करतो की जुन्या आवृत्तीलाही ती वाचता येईल. हे बंधन त्रासाचं आहे, दोन-दोन महिने जुने रकाने वागवावे लागतात. पण श्रावणात एकदा परत फिरावं लागलं तेव्हा पंधरा सेकंदांत फिरलो. गिऱ्हाइकांना कळलंही नाही.

गल्ल्यावरची

दादा, आणखी दोन गोष्टी. सवलत द्यायला मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जायचा, अशी सोय काही ठिकाणी असते. नेट नसलं की गिऱ्हाईक गल्ल्यासमोर उभं, आणि मी मालकाला फोन लावत. तुमच्याकडे हे शाखेतल्या शाखेत होऊ दे.

दुसरं, यूपीआय. १२ एप्रिल २०२५ आठवतो? शनिवार, हनुमान जयंती, आणि देशभर यूपीआय अडखळलं होतं. गिऱ्हाइकाच्या फोनवर पैसे गेल्यासारखे दिसायचे, आमच्याकडे काही येत नव्हतं. सॉफ्टवेअरला 'मिळाले' आणि 'मिळाले नाहीत' एवढंच माहीत होतं. मी 'मिळाले' करत गेले आणि रात्री माझ्या गल्ल्यात तूट. मधली एक पायरी हवी, 'खात्री बाकी' अशी. टेबल सुटायला हवं, माणसाला अडवून ठेवता येत नाही. घरची मंडळी जेवायला आलेली असतात, लहान मुलं झोपलेली असतात खांद्यावर.

रानवारा

ताई, सवलतीला मॅनेजरचा पिन शाखेतच चालतो, मालकाला नोंद नंतर पोचते. 'खात्री बाकी' मात्र नाही आमच्याकडे. करतो. रात्रीच्या गल्ल्यात ती रक्कम वेगळ्या ओळीत येईल आणि बँकेच्या नोंदींशी जुळली की आपोआप मिटेल. बसणाऱ्याच्या नावावर तूट पडणार नाही.

सर्व्हरमित्र

माझं मत मशीनांबद्दल थोडं बदललंय, पण एक आव्हान देतो. शाखा एकटी जगते असं म्हणता, ते भर गर्दीत तपासलंत का? मुद्दाम केबल काढून? बॅकअपमधून आख्खी शाखा नव्या मशीनवर उभी करून बघितलीत का?

रानवारा

रास्त प्रश्न. बॅकअपमधून उभी करणं दर महिन्याला करतो, बाजूला ठेवलेल्या जादा मशीनवर, आणि मागच्या दिवसाचा गल्ला पैशापर्यंत जुळतो का ते बघतो. भर गर्दीत केबल मात्र कधीच काढली नव्हती. खरं सांगायचं तर धीर झाला नव्हता. मामांशी बोलतो.

रानवारा (नऊ दिवसांनी)

केलं. काल रविवार, कोथरूड, दुपारी सव्वा वाजता. मामा स्वतः गल्ल्यामागे उभे होते. मी बाहेरून येणारी केबल काढली आणि मोबाइल सिमही.

बिलं चालू राहिली. कप्तानांना कळलंसुद्धा नाही. पण बावीस मिनिटांनी तंदूरच्या प्रिंटरनं छापणं बंद केलं. शोधल्यावर कारण सापडलं: त्या प्रिंटरला नेटवर्कवरचा पत्ता देण्याचं काम नेट-कंपनीच्या राउटरकडे होतं, आणि केबल काढल्यावर तो राउटर स्वतःला पुन्हा पुन्हा चालू करत होता. पत्त्याची मुदत संपली आणि प्रिंटर नेटवर्कवरून नाहीसा झाला. वस्तादांना मी तोंडी सात ऑर्डरी सांगितल्या, तोवर मशीननं त्या केओट्या भाकरीच्या प्रिंटरवर वळवल्या. बायकांनी त्या तंदूरला नेऊन दिल्या.

रात्री सहाही शाखांत फोन करून विचारलं. चार ठिकाणी हीच जोडणी होती. आता सगळ्या प्रिंटरांना कायमचे पत्ते दिले आणि शाखेचं नेटवर्क नेट-कंपनीच्या राउटरपासून वेगळं केलं. पणजीचं काम तिथला पोरगा बुधवारी करणार आहे.

तासाभरानं केबल परत लावली. १४३ नोंदी वर गेल्या, एकही दुबार नाही. गल्ला जुळला. मामांनी दोन चहा मागवले आणि विचारलं, "पुढच्या रविवारी साताऱ्याची काढायची का?"